बटाट्याचा डोंगर

आठ मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. फक्त आठ मिनिटांचा. एवढ्या वेळात आमच्याकडे साधा चहा होत नाही, कारण साखरेचा डबा कुणी कुठे ठेवला यावर आधी भांडण व्हावं लागतं. पण त्या व्हिडिओपायी आमची एक चांगली चादर गेली, शेजार तुटता तुटता राहिला आणि इतके बटाटे खावे लागले की आता बटाटा दिसला की मी तोंड फिरवते. शेवटी सगळं गोड झालं असेल अशा आशेवर वाचत असाल तर आत्ताच सांगते, तसलं काही नाही.

बाबा नववीला भूगोल शिकवतात. नववीच्या दोन तुकड्या. एक बाबांकडे, दुसरी नवीन मॅडमकडे. मुख्याध्यापिका बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, आता शाळा डिजिटल झाली. प्रत्येकाने धड्याचे व्हिडिओ करून शाळेच्या पोर्टलवर टाकायचे, मुलं घरी बघतील. आणि पुढच्या महिन्यापासून भूगोलाला एकच शिक्षक. ज्याचे व्हिडिओ मुलं शेवटपर्यंत बघतील त्याच्याकडे दोन्ही तुकड्या. दुसऱ्याने कार्यालयात बसून दाखले लिहायचे.

बसून! बाबांना कुणी नीट बसलेलं पाहिलेलं नाही. ते सुट्टीच्या दिवशीसुद्धा अर्धं जेवण उभ्याने करतात आणि भाकरीच्या तुकड्याने हवेत नकाशे काढतात. त्यांना खुर्चीत बसवून दाखले लिहायला लावणं म्हणजे माशाला खुंटीला टांगणं. ते घरी आले, खिशातला खडू काढून टेबलावर ठेवला आणि आईला म्हणाले, "तिला विचार, फोन आडवा धरायचा की उभा."

'तिला' म्हणजे मला. मी तिथेच होते, हाताच्या अंतरावर.

मी दहावीत शाळा सोडली. त्या विषयावर बोलायचं नाही असं आमच्या घरात ठरलंय, म्हणजे रोज बोलतात. फक्त बाबा बोलत नाहीत. ते माझ्याशी काहीच बोलत नाहीत, सगळं आईमार्फत. मीठ हवं असलं तरी आईमार्फत. मी मध्ये मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होते. मालकाने गिऱ्हाइकासमोर मला "ए ढ" म्हटलं, मी त्याचा स्क्रूड्रायव्हर त्याच्याच चहात बुडवला आणि निघून आले. पण फोनमधलं मला कळतं. बाबांना फोनमधलं एवढंच कळतं की तो वाजतो.

"आडवा," मी आईला म्हणाले.

"आडवा," आई बाबांना म्हणाली.

"ऐकलं मी," बाबा आईला म्हणाले.

अशी सुरुवात झाली.

पोर्टलवर सूचना होत्या. पहिलीच: मागची भिंत पांढरी आणि मोकळी असावी. हे ज्याने लिहिलं त्याला एकदा आमच्या घरात आणून उभा करायचाय. आमच्याकडे मोकळी भिंत म्हणजे जिच्यावर कपाट मावलं नाही ती, आणि तिच्यावर ओल आहे. ओलीचा डाग इतका मोठा की बाबा लहानपणी मला त्यावरून खंड शिकवायचे. तेव्हा बोलायचे.

मग चादर लावायची ठरली. आधी खिडकीच्या दांडीवर लावली. मागून उजेड आला आणि पडद्यावर बाबांचा नुसता काळा आकार. भूत भूगोल शिकवतंय असं वाटत होतं. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर खिळे ठोकले. दुसऱ्या खिळ्याला दारावर थाप पडली. शेजारचे मीटरकाका. ते वीज कार्यालयातून निवृत्त झालेत, आयुष्यभर लोकांचे मीटर वाचले, आता लोकांची घरं वाचतात.

"भिंत सामाईक आहे मास्तर! माझ्याकडचं घड्याळ पडलं!"

बाबांनी माफी मागितली, कारण सांगितलं. कारण सांगायला नको होतं. काकांनी चप्पल काढली, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "असं म्हणा की! व्हिडिओला उभं कसं राहायचं ते मी सांगतो. माझ्या निरोपसमारंभाचं चित्रण झालं होतं."

"काका, ते तुमचं घड्याळ," मी म्हणाले.

"बंदच होतं गं ते. मास्तर, पोट आत घ्या."

धडा होता समोच्च रेषांचा. म्हणजे नकाशावर त्या वाकड्यातिकड्या वेटोळ्यांसारख्या रेषा असतात ना, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या, त्या. बाबा हा धडा बटाट्यावर शिकवतात. अर्धा बटाटा कापून पालथा ठेवायचा, झाला डोंगर. मग त्याच्या आडव्या चकत्या करायच्या, एकेक चकती कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवायची. मोठं वेटोळं, त्यात लहान, त्यात आणखी लहान. कागदावर नकाशा तयार. वर्गात हा धडा म्हणजे जत्रा असते. पण चिरलेला डोंगर परत जोडता येत नाही, म्हणून प्रत्येक चित्रणाला नवा बटाटा.

पहिलं चित्रण. बाबांनी बटाटा कापला, छान बोलले, मग म्हणाले, "समजलं का?"

आणि गप्प.

मला वाटलं विसरले. मी हाताने खूण केली. ते फोनकडे बघत उभे. काकांनी घसा खाकरला. बाबा उभेच.

"आई, त्यांना पुढे बोलायला सांग."

"पोच आल्याशिवाय पुढे कसा जाऊ?" बाबा आईला म्हणाले.

ही त्यांची वर्गातली पद्धत. "समजलं का?" विचारायचं आणि शेवटच्या बाकावरून पोच येईपर्यंत हलायचं नाही. नुसतं "हो सर" चालत नाही. खोटं "हो सर" त्यांना कानाने कळतं. घंटा झाली तरी चालेल, पण पोच आल्याशिवाय गाडी सुटत नाही.

"फोन पोच देत नसतो!" मी ओरडले.

"मग तो कशाला हवा?" बाबा म्हणाले. हेही आईलाच.

यावर मीटरकाकांनी तोडगा काढला: फोनच्या मागे माणसं बसवा. वरच्या मजल्यावरच्या मशीनमावशींनाही बोलवा, नाहीतरी त्यांचं शिलाई मशीन बंद ठेवायला सांगायचंच होतं. मावशी अर्धवट शिवलेली बाही घेऊनच खाली आल्या. दुसरा बटाटा.

"समजलं का?" बाबांनी विचारलं.

"समजलं," काका म्हणाले, "पण खराखुरा डोंगर असा आडवा कापायला परवानगी कोण देतं?"

तिसरा बटाटा.

"समजलं का?"

"मास्तर, हा आतून काळा निघालाय," मावशी म्हणाल्या. "भाजीत घालू नका हं."

चौथा बटाटा. या वेळी सगळे शपथेवर गप्प बसले. बाबांनी विचारलं, कुणी हूं की चूं केलं नाही, त्यामुळे बाबाही पुढे गेले नाहीत. पाच माणसं एका बटाट्याकडे बघत बसली. जणू कुणी गेलंय.

"डोंगर पुरेत आता," शेवटी आई म्हणाली. "रात्रीही डोंगराचीच भाजी आहे."

मग मी माझी अक्कल चालवली. बाबांचं सगळं थांबणं कापून टाकलं. काका कापले, मावशी कापल्या, काळा बटाटा कापला. उरला तीन मिनिटांचा चकाचक व्हिडिओ. बाबांनी चष्मा लावून पाहिला. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला.

"हा कोण माणूस आहे?" ते म्हणाले. "दम न खाता बोलतोय. याला पोरांची काही पडलेलीच नाही."

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. कित्येक महिन्यांतलं पहिलं वाक्य, आणि तेही तक्रार.

वर पोर्टलने तो व्हिडिओ घेतलाच नाही. आठ मिनिटांपेक्षा लहान! मी बाबांबरोबर शाळेत गेले, संगणकवाल्या सरांना भेटायला. ते रजेवर. त्यांच्या जागी बसलेला कारकून म्हणाला, "लहान आहे. घेत नाही."

"मग मोठा कसा करायचा?"

"आशय वाढवा."

"आशय म्हणजे काय, पीठ आहे का पाणी घालून वाढवायला?"

"ही कोण?" त्याने बाबांना विचारलं.

"मदतीला आणलंय," बाबा म्हणाले.

तेवढ्यात बाहेरून मुख्याध्यापिका बाई आल्या. "अगं तू! सध्या काय करतेस?" असं इतक्या गोड आवाजात विचारलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "बटाटे सोलते." खोटंही नव्हतं.

पहिल्या धड्यापुरतं पोर्टल त्याच संध्याकाळी बंद होणार होतं. नवीन मॅडमचे सगळे व्हिडिओ कधीच चढले होते, पाठीमागे पांढरी शुभ्र भिंत, संगीत वगैरे. आमच्याकडे एक बटाटा उरला होता. आईने काका-मावशींना जिन्यातच अडवून धरलं. खोलीत मी आणि बाबा. मी फोन चालू केला.

"समजलं का?" बाबा म्हणाले आणि थांबले.

"थांबू नका ना. हे मी कापणार आहे."

"पोच."

"मी देते पोच. समजलं. चला पुढे."

"तुझं तोंड सांगतंय, समजलेलं नाही."

मी फोन स्टँडवर आपटला. बंद करायचं डोक्यातच आलं नाही.

"आत्ता दिसलं का माझं तोंड? अख्खं वर्ष तुमच्या वर्गात बसले मी, तिसऱ्या बाकावर. सगळ्यांना विचारायचात. शेवटच्या बाकावरच्या त्या लांब्याला तर पुन्हापुन्हा विचारायचात. आणि माझ्यावरून नजर अशी सरकायची, जशी खिडकीवरून सरकते. एकदा. एकदा तरी विचारलंत?"

"लोक म्हणाले असते, मास्तर स्वतःच्या पोरीला वेगळं शिकवतात."

"म्हणून शिकवलंच नाहीत! शाळेत म्हणायचात मी तुझा बाप नाही. आणि घरी आल्यावर सरच राहायचात. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं बाबा, आणि मास्तरांच्या पोरीने ते विचारायचं कुणाला?"

बाबा मागे सरले. पाठ चादरीला लागली. खिळे निघाले आणि अख्खी चादर त्यांच्या डोक्यावर आली, टर्रकन फाटत. एरवी मी हसून लोळले असते. पण त्यांनी ती काढली नाही. चादरीखाली ते हळूहळू खुर्चीवर बसले. बटाटा घरंगळत ओट्याखाली गेला. मलाही चादर काढवेना, कारण खाली काय दिसेल ते माहीत नव्हतं.

आई आत आली. "हे काय आता? नवीन धडा?"

मी स्टँडवरचा फोन ओढून घेतला आणि बाहेर पडले.

नंतर मी रागारागातच कालचे तुकडे जोडले, बाबांचं थांबणं परत आत घातलं, आठ मिनिटं भरली आणि पोर्टल बंद व्हायच्या आत चढवून टाकलं. सकाळी मावशी वरूनच ओरडल्या, "अगं, माझ्या भाचीने दाखवला तुमचा व्हिडिओ! चादरीचं जमलं हो मस्त!"

मी धावत जाऊन फोन उघडला. फोनमध्ये दोन्ही फाइली शेजारी शेजारी होत्या. मी भांडण चढवलं होतं.

काढता येईना. एकदा चढलेलं काढायचा अधिकार संगणकवाल्या सरांना, आणि ते रजेवर. मी कारकुनाला फोन केला तर म्हणतो, "आता बरोबर घेतलाय की!" बाबांना मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी शर्टाला इस्त्री केली. कॉलरला दोनदा केली. आणि फासावर जावं तसे शाळेत गेले.

बाईंनी झापलं, घरगुती बाबी पोर्टलवर नकोत म्हणाल्या. पण त्याचबरोबर हेही म्हणाल्या की सर, तुमचाच एकमेव व्हिडिओ आहे जो अख्ख्या नववीने शेवटपर्यंत बघितलाय. दोन्ही तुकड्यांनी.

त्या संध्याकाळी बाबांच्या फोनवर टिंग वाजलं. पोर्टलवर व्हिडिओखाली 'शंका' म्हणून एक बटण होतं, दाबून बोललं की आवाज पोचायचा. आजवर कुणी ते दाबलं नव्हतं. मी दाबून ऐकवलं. लांब्याचा आवाज, तो नापास होऊन अजून नववीतच होता.

"सर, तुम्ही मला पुन्हापुन्हा विचारायचात ना... मी शेवटी हो म्हणायचो ते खोटं होतं. तुम्ही दमलेले दिसायचात म्हणून म्हणायचो."

बाबा कितीतरी वेळ फोन कानालाच लावून होते, संपला तरी.

मग आणखी आले. एक पोरगी म्हणाली, सर, मीपण खिडकीच. एकजण म्हणाला, रेषा कळल्या पण डोंगर नाही कळला. बाबांनी प्रत्येकाला उत्तर द्यायचं ठरवलं. ते बटण शिकवायला मीच. बटण दाबायच्या आधीच बोलायला लागायचे, म्हणून पहिली सगळी उत्तरं "...णून तो चढ उभा असतो" अशी अर्ध्यातून सुरू झाली. एकदा फोन उलटा धरून अख्खा पठार प्रदेश शिकवला, त्यात आवाज फक्त आईच्या कुकरचा. पण हळूहळू जमलं. प्रत्येक उत्तराच्या शेवटी "समजलं का?" म्हणायचे आणि बटणावर बोट तसंच दाबून थांबायचे. पोरांना तेवढी शांतता ऐकू जायची. मग त्यांची पोच यायची. खरी.

"या पोराची शंका आली नाही," एक दिवस ते मला म्हणाले. आता मलाच म्हणायचे, आईमार्फत नाही. "फोनने सांगितलं कोण गप्प आहे. पुढचं पायाने करायला पाहिजे." आणि खिशात बटाटा घालून त्या पोराच्या घरी चालत गेले.

बाकीचे व्हिडिओ आम्ही धडाधड केले. चादर नाही, मागे ओलीचा डाग तसाच. आता ते फोनकडे बघून विचारायचे आणि मनातल्या मनात पोरं मोजल्यासारखे थांबायचे, आणि मी काही कापायचे नाही. बोलणं फार नव्हतं आमच्यात. पण "उजेड जरा डावीकडून घे" हेही बोलणंच आहे. त्या भांडणाबद्दल मात्र दोघांनी शब्द काढला नाही. समोच्च रेषा फार जवळ आल्या की पुढे कडा असतो, एवढं मला त्या धड्यातलं कळलं होतं. आम्ही दोघं कड्यापासून लांब लांब चालत होतो.

महिना संपला. बाबा जिंकले. नवीन मॅडमच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त मुलांनी बाबांचे शेवटपर्यंत बघितले होते. बाईंनी बोलावून अभिनंदन केलं. बाबांनी घरी येऊन जसं सांगितलं तसं सांगते.

"सर, तुमचे व्हिडिओ उत्तम. दोन्ही तुकड्यांना तेच दाखवायचं ठरलंय."

"बरं. मग मी उद्या आधी कोणत्या तुकडीवर जाऊ?"

"तुम्ही कशाला त्रास घेता? व्हिडिओ आहेत ना. मॅडम लावतील वर्गात. तुम्ही आता निवांत कार्यालयात बसा."

आईला आधी कळलंच नाही. "पण जिंकलात ना तुम्ही?" ती विचारत राहिली. मीटरकाका तर पेढेवाल्यासारखे हसत आले. "आता बसून काम! डोक्यावर पंखा! नशीब काढलंत मास्तर!" मी त्यांना काहीतरी बोलणार होते, आईने माझं मनगट दाबलं.

मी शाळेत जाऊन तमाशा करते म्हणाले. सगळे व्हिडिओ पुसून टाकते म्हणाले. मी केले, मी पुसेन.

"पुसायचा अधिकार संगणकवाल्या सरांना," बाबा म्हणाले. "आणि पोरांना लागतील ते."

दुसऱ्या दिवसापासून ते कार्यालयात बसायला लागले. घरी यायचे आणि घरीही बसायचे. जेवायलासुद्धा बसायचे, अख्खं जेवण. आई त्यांच्याकडे चोरून बघायची. खिशात खडू असायचा, पण आता त्याने खिसा पांढरा व्हायचा नाही.

एका संध्याकाळी टिंग वाजलं. लांब्या.

"सर, आज वर्गात तुमचा व्हिडिओ लावला. तुम्ही 'समजलं का' म्हणालात आणि थांबलात ना, तर मॅडमनी तेवढं पुढे ढकललं. म्हणाल्या, इथे काही नाहीये."

बाबांनी फोन पालथा ठेवला. त्यांनी उत्तर न दिलेली ती एकच शंका.

मी स्वयंपाकघरात गेले. टोपलीत बटाटे होते, आईने मोठ्या धीराने परत आणायला सुरुवात केली होती. मी टोपलीच बाहेर आणून दाराशी ठेवली, त्यातला एक घेतला, सुरी घेतली, आणि त्यांच्यासमोर टेबलावर आणून ठेवलं. फोन नाही, स्टँड नाही. समोरची खुर्ची ओढून बसले.

त्यांनी सुरी उचलली. मग बसल्याबसल्याच कापला. अर्धा पालथा घातला. चकत्या केल्या, एकेक कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. रेषा वाकड्या आल्या, डोंगर जरा आजारी वाटत होता. मोठं वेटोळं, त्यात लहान, त्यात आणखी लहान. सगळं सपाट कागदावर. सपाट वेटोळ्यांतून उंच डोंगर दिसतो म्हणे सगळ्यांना. मला कधीच दिसला नव्हता.

पेन्सिल खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीकडे पाहतात तसं नाही.

"समजलं का?"

आणि थांबले.

हो म्हणावंसं वाटलं. इतके दमलेले दिसत होते.

"नाही," मी म्हणाले.

"एक तरी भाजीला ठेवा रे!" आई आतून ओरडली.

बाबांनी टोपलीकडे हात केला. तो पोचेना. मग ते उभे राहिले.